डाव्या अंगाची जागा

स्टोची पिन सापडत नव्हती. पंच्याहत्तर सालच्या मार्चमधला शनिवार. ज्योत पिवळी पडून भांड्याचं बूड काळं करत होती, दूध कोमटाच्या पुढे जात नव्हतं आणि हे, म्हणजे आमच्या घरचे, शेलूबाजारच्या ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर, गालाला साबण फासून आरशापुढून "चहा झाला का?" असं तिसऱ्यांदा विचारत होते. पिन मी कॅलेंडरला टोचून ठेवली होती, असं पक्कं आठवत होतं. कॅलेंडरला होती ती साधी टाचणी.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. एकदा वाजवून माणूस थांबतो, तशी नाही. वाजतच राहिली.

दार उघडलं तर वच्छलाबाई. किन्हीराजा गावच्या. पन्नाशीची, उंच, हाडकुळी बाई; पहिल्या एस.टी.नं आली असावी, कारण पायावर सडकेची धूळ तशीच होती. नेहमी आली की आधी हातपाय धुऊन, मग पदराला बांधून आणलेली मूठभर गोडंबी, बिब्याच्या आतला गर, माझ्यापुढे ठेवून, मग भिंतीला टेकायची. आज सरळ आत आली, स्टोकडे पाहिलं, खिडकीच्या फळीवर हात फिरवला आणि पिन काढून हातात घेतली.

"इथं तं हाय. डोयापुढं."

डाव्या हातानं तिनं स्टोचं तोंड दोनदा टोचलं, दोन पंप मारले. ज्योत निळी झाली.

"बसा, वच्छलाबाई. चहा होतोच आहे."

"बसाले टाइम नाई, बाई. शनवारची सकायची शाळा हाय. अकराले सुटते."

"कुणाची?"

"हेमलीची. तिच्या आंदी पोहोचा लागते मले." असं म्हणून ती बाहेर अंगणात गेली, ऊन कुठवर आलंय ते पाहिलं, परत आत आली. सुपात तूरडाळ निवडायला ठेवली होती, ती ओढून उभ्या उभ्याच खडे वेचू लागली. तेही दोन मिनिटं. मग सूप खाली ठेवलं आणि पदराच्या गाठीवर हात नेला. गाठीत गोडंबी नव्हती. गोडंबी असली की गाठ मऊ दिसते.

तिनं गाठ सोडली. आत तीन बिबे होते. काळे, टपोरे, ताजे.

"इहीनबाईनं सांगावा धाडला. येतानी तीन बिबे आना, म्हने. ताजेच आना. आज लावले म्हंजे उद्या पोट्टी पंगतीत उजव्या हातानं जेवन."

हेमला म्हणजे वच्छलाबाईच्या लेकीची, लिलाची, सात वर्षांची थोरली मुलगी. शेलूबाजारपासून अडीच मैलांवरच्या वस्तीत लिलाचं सासर. लिलाला यंदा मुलगा झाला होता आणि रविवारी त्याचं नाव ठेवायचं होतं. वाशीमहून मोठ्या दिराच्या सासरची मंडळी यायची होती, कोर्टात नोकरी करणारी. आणि हेमला डावखुरी. आमच्या भागात म्हणतात तशी 'डेबरी'. पाटी डाव्या हातानं, भाकरी डाव्या हातानं, गोटाही डाव्या हातानं. चार शिकलेल्या पाहुण्यांदेखत नात डाव्या हातानं जेवली तर काय म्हणतील, ही रुपाबाईंची, म्हणजे लिलाच्या सासूची, वच्छलाबाईंच्या या 'इहीनबाई'ची, काळजी.

त्यावरचा इलाज जुना होता. दाभणाला बिबा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की ते पोरीच्या डाव्या तळव्याला लावायचं. तळवा भाजतो, फोड येतात, हात फुगतो. याला 'बिबा उतला' म्हणतात. दोन-तीन आठवडे पोरगी त्या हातानं काही धरू शकत नाही. झक मारत उजव्यानं जेवायला लागते. तोवर सवय मोडते, अशी समजूत.

"आणि लावायचं कुणी?" मी विचारलं.

"मी." वच्छलाबाईंनी बिबे परत बांधले. "इहीनबाई म्हने, तुमचा हात सवयीचा हाय. तुमच्या मायनं तुमाले लावला, तुमी लिलीले लावला. आता नातीले लावा. दुसऱ्यानं लावला तं जास्ती उतन."

चहा झाला. तिनं कप घेतला, बशीत ओतला, फुंकला आणि न पिताच चौकटीवर ठेवून पुन्हा ऊन पाहायला गेली.

या बाईला मी दोन वर्षं ओळखत होते. तुकड्यातुकड्यांत, डाळ निवडताना, शेवया करताना तिनं तिची हकिगत मला सांगितलेली होती. त्या सकाळी ती आत-बाहेर करत होती तेव्हा ते सगळे तुकडे माझ्या डोक्यात एकमेकांना लागत गेले.

तिच्या आईचं नाव गोजराबाई. लेक सहा वर्षांची झाली तरी डाव्या हातानं जेवते म्हणून गोजराबाईंनी तिला मांडीत दाबून धरलं आणि बिबा लावला. "सासरी गेल्यावर देवाले पानी कोन्या हातानं घालशीन?" एवढंच बोलली म्हणे. वच्छलाबाई हे सांगताना हसायच्या. "पंधरा दिवस हात भोपयावानी. सोयाव्या दिवशी खपली पडली. सतराव्या दिवशी मी डाव्या हातानं भाकर मोडली. माय रडली. बाप हासला. म्हने, बिबा हारला." त्या तळव्यावर आजही अंगठ्याखाली काळा डाग आहे, जुन्या रुपयाएवढा. कणीक मळताना तो दिसतो.

लग्न होऊन किन्हीराजाला आली. नवरा देवमन, अबोल माणूस, दुसऱ्याच्या वावरात राबणारा. सासरी तिनं हिशेब शिकून घेतला: चार लोकांत उजवी, घरात डावी. पंगतीत उजव्या हातानं मोजून चार घास खायची, वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं, उपाशी घरी यायची. पण शेतात असं लपवता येत नाही. निंदणाला बायका ओळीनं बसतात, एकीला एक पात. सगळ्यांचे विळे उजवीकडे चालतात आणि हिचा डावीकडे. डावीकडच्या बाईच्या कोपराला हिचं कोपर ठोकायचं. "डेबरी आली, पात बिघडली," असं बायका चक्क चालीवर म्हणायच्या. मुकादमानं उपाय काढला: हिला कायम ओळीच्या डाव्या टोकाला बसवायचं. म्हणजे उजव्या अंगाला बाई, डाव्या अंगाला धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि बोरीचं काटेरी झुडूप.

आणखी एक अडचण. विळ्याचे दाते एकाच अंगानं पाडलेले असतात, उजव्या हाताच्या हिशेबानं. डाव्या हातात तोच विळा घसरतो. ज्वारी सोंगताना तिनं दोनदा स्वतःची पोटरी कापून घेतली. दुसऱ्या वेळी देवमन काही न बोलता विळा उचलून ग्यानबा लोहाराकडे गेला आणि दाते दुसऱ्या अंगानं पाडून मागितले.

ग्यानबा म्हणाला, "बायकोसाठी उलटा इया? मंग भाकरबी पाठीवरून खाते का बे ती?"

देवमन म्हणाला, "तू दाते पाड. भाकरीचं मी पाह्यतो."

उभ्या आयुष्यात देवमन एवढं एकच लांब वाक्य बोलला असेल, असं वच्छलाबाई म्हणतात. तो विळा आला आणि त्या सुगीत तिनं दोघींचं काम एकटीनं ओढलं. त्या विळ्याची गावभर गंमत झाली. "साऱ्या गावातले इये चोरीले गेले, बाई. माहा कोनी उचलला नाई. उचलून करन काय?" विळा आल्यापासून तिनं चार लोकांतही उजवीचं सोंग सोडलं.

उन्हाळ्यात शेतात काम नसलं की किन्हीराजाच्या बायका गोडंबी काढायला जातात. व्यापाऱ्याच्या वाड्याबाहेर निंबाखाली रिंगण करून बसायचं, हाताला राख फासायची, दगडावर बिबा धरायचा आणि दुसऱ्या दगडानं नेमका ठोका द्यायचा. आतली गोडंबी अख्खी निघाली पाहिजे आणि टरफलातलं तेल अंगावर उडता कामा नये. तेल उडतंच, पण सगळ्यांचा ठोका उजव्या हाताचा असतो, त्यामुळे ते कुठल्या बाजूला उडणार हे ठरलेलं असतं, आणि बायका त्या बेतानं अंतर ठेवून बसतात. वच्छलाबाईंच्या डाव्या अंगाला तुळसाबाई बसली होती. तिला वाटलं, आपण बिनघोर. पहिल्याच दिवशी तेल उडालं ते तुळसाबाईच्या गालावर. महिनाभर गाल सुजून एक डोळा झाकलेला.

"ती मले कायी बोलली नाई," वच्छलाबाई सांगायच्या, "तेच लय वाईट झालं. शिव्या दिल्या असत्या तं फिटलं असतं."

तेव्हापासून रिंगणात तिच्या डाव्या अंगाला एका बाईची जागा सुटलेली. रिंगण पूर्ण व्हायचंच नाही. नवी कुणी बाई चुकून तिथं बसायला गेली तर दहा तोंडं एकदम ओरडायची, "तिथं नको वो माय!" आणि गंमत अशी की फुटक्या गोडंब्या सगळ्यांत कमी हिच्या सुपात. व्यापारी आला की हिचं सूप उचलून बाकीच्यांना दाखवायचा. बायका पाहायच्या आणि जागा तशीच रिकामी ठेवायच्या.

लिलाचं मात्र तिनं मला एकदाच सांगितलं.

लिला पाच वर्षांची. तीही डावखुरी निघाली. आपण भोगलं ते लेकीनं भोगू नये, एवढंच वच्छलाबाईंच्या मनात. म्हणजे लोकांनी तिला टोकाला बसवू नये, पंगतीत तिच्या शेजारची जागा सुटू नये. म्हणून तिनं स्वतःच दिवा लावला, दाभण घेतलं. आणि आईपेक्षा तिचा हात सफाईचा, बिब्यात मुरलेला. तेल कुठं, किती, हे तिला बरोबर माहीत. लिलाच्या बाबतीत बिबा हरला नाही. लिला उजवी झाली. भाकरी उजव्या हातानं थापते, कुठल्याही पंगतीत कुठंही बसते. पण शाळा दुसरीतच सुटली. उजव्या हातानं तिला अक्षर काढता आलं नाही आणि डावीत पाटीची लेखणी धरायची हिंमत उरली नाही.

"आताबी दचकली का नाई," वच्छलाबाई म्हणाल्या, "भांडं पडलं, लेकरू पडलं, तं डावा हात पुढं येते तिचा. आन् अर्ध्यातच थांबते. मंग उजवा जाते. तवरीक लेकरू खाली पडलेलं असते." हे सांगून ती त्या दिवशी उठून गेली होती, हातातल्या शेवया अर्ध्या टाकून.

आता तिची-माझी ओळख कशी झाली ते सांगते, म्हणजे रुपाबाईंचंही कळेल. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात रुपाबाईंची म्हैस अडली. यांना बोलवायला माणूस आला, भर दुपारी. रेडकाचा पुढचा पाय आत मागे दुमडलेला आणि तोही अशा अंगाला, की उजवा हात तिथवर वळतच नव्हता. डाव्याचंच ते काम. आणि यांचा डावा हात म्हणजे फक्त घड्याळ बांधायला. तासभर घामाघूम झाले. वच्छलाबाई लेकीकडे आली होती, गरम पाण्याची बादली घेऊन उभी. तिनं बादली डाव्या हातानं उचलून ठेवली ते यांनी पाहिलं.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या का?"

रुपाबाईच म्हणाल्या, "हाय नं साहेब, डेबरी हाय. पन आज कायले तो विषय?"

"हात धुवा कोपरापर्यंत. साबण लावा. बांगड्या काढा."

"बांगड्या नोका काढू इहीनबाई, देवमनदादा जित्ते हायेत!" रुपाबाई ओरडल्या.

"म्हैस मेली तं आठ बांगड्यांत दुसरी येते का?" असं म्हणून वच्छलाबाईंनी डाव्या हातातल्या काढून लेकीच्या ओंजळीत दिल्या. हे बाहेरून सांगत गेले: खूर लागेल, ते तळव्यात झाकून घ्या, म्हणजे आत फाटणार नाही, आता वर, आता आपल्याकडे. दहा मिनिटांत वगार बाहेर आली, जिवंत. हे संध्याकाळी घरी आले ते वच्छलाबाईंना सोबत घेऊनच. "यांना चहा दे. आज यांनी मला शिकवलं." त्या दिवसापासून ती मागच्या दारानं येऊ लागली.

रुपाबाईंनी खरवसाच्या निमित्तानं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. एका बौद्ध घरी डॉक्टरीण जेवायला गेली, म्हणून आमच्या गल्लीत दोन दिवस कुजबुज झाली; मला तिचं काही वाटलं नाही, उलट जरा अभिमानच वाटला. बायकांची पंगत बसत होती. वच्छलाबाईंच्या डाव्या अंगाला जागा होती. मी तिथं बसले. पहिल्याच घासाला तिचं कोपर माझ्या कोपराला लागलं, माझ्या नव्या पातळावर वरण सांडलं आणि मी हसत हसत, "थांबा, मी इकडून येते," म्हणून उठून तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसले. तिनं ताट थोडं सरकवलं. एवढंच. पुढं त्याचा विषय कधी निघाला नाही. मी का उठले, याचा तिनं काय अर्थ लावला असेल, कोपराचा की दुसरा काही, हे विचारायचं धाडस मला दोन वर्षांत झालेलं नव्हतं.

तर ती सकाळ.

साडेनऊ वाजले. वच्छलाबाई चौथ्यांदा अंगणातून आत आली. चहावर साय धरली होती.

"रुपाबाईंना सांगून पाहिलं का?" मी विचारलं.

"मांगच्या आठवड्यात सांगतलं नं. म्हनलं, इहीनबाई, तुमच्या घरी बैलजोडी हाय. डाव्या खांद्याचा बैल उजव्याले जुपला तं चालते का?"

"मग?"

"म्हने, नाई चालत. म्हनलं, मंग त्याच्या खांद्याले बिबा लावता का? म्हने, ढोराचं येगळं, मानसाचं येगळं. म्हनलं, तुमच्या म्हशीच्या पोटात माहा हात गेला तवा ढोराचं होतं का मानसाचं? तं म्हने, उद्याची कढी त्याच म्हशीच्या ताकाची हाय, तुमी पोटभर पेजा. पन बिबे आना." वच्छलाबाई हसली आणि लगेच हसू आवरलं. "वाईट नाई वो ती. पोट्टीवर जीव हाय तिचा. तिले वाटते, हिले बायको कोन करन?"

"शाळेत काय म्हणतात?"

"नवीन बाई आली हाय शाळेत. ते म्हनते, लिहू द्या डाव्यानं, अक्षर मोत्यावानी हाय. इहीनबाई म्हने, त्या मास्तरनीले काय, तिले हिचं लगन करा लागते का?"

"पण तुम्ही तर दीक्षा घेतलेली माणसं," मी म्हणाले. "आता कुठला देव आणि कुठलं पाणी?"

"छप्पन सालात देव सारे नदीत सोडले आमी. हा हातचा तेवढा राह्यला." तिनं तळवा उघडून त्या काळ्या डागाकडे पाहिलं. "मी म्हनलं इहीनबाईले, वंदनेले हात जोडता तवा डावाबी लागतेच नं? एका हातानं जोडून दाखवा. तं म्हने, तुमचं तोंड लय चालते."

हे दवाखान्याची पिशवी घेऊन बाहेर पडत होते. त्यांना लसीकरणाला दुसऱ्या गावी जायचं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी जाता जाता वस्तीवर थांबतो," म्हणाले. "रुपाबाईंना दम भरतो. अडाणीपणा आहे हा सगळा."

"नोका, साहेब." वच्छलाबाई चटकन आडवी आली. "तुमी बोलसान, त्या हो म्हनतीन. तुमची फटफटी गेली का दिवा लावतीन. आन् वरून म्हनतीन, इहीनबाईनं घरातली गोष्ट साहेबापावतर नेली."

हे माझ्याकडे पाहून गेले.

मी म्हणाले, "मग बिबे इथंच ठेवून जा. आणले नाहीत म्हणून सांगा."

"बिबे काय, बाई, त्यायच्या बांधावरबी झाड हाय." ती खाली बसली. त्या सकाळी पहिल्यांदाच. बसली आणि दोन्ही हात मांडीत घेतले, डावा खाली, उजवा त्याच्यावर दाबून. "मले बिब्याचं भेव नाई. मले माहं भेव हाय. तिथं गेल्यावर दिवा लावलेला असन. लिली खालतं पाहून बसन, ते कायी बोलत नाई. इहीनबाई म्हनन, धरा. आन् माहा हात धरन. याच हातानं लिलीचं केलं नं मी. मनात नव्हतं तरी केलं. लेकीचं भलं म्हून केलं. भलं म्हनलं का माहा हात चालाले लागते."

स्टोवर डाळीचं आधण सूं सूं करत होतं. मी ते पकडीनं उतरवलं. मी म्हणाले, "मी चिठ्ठी देऊ का शाळेतल्या बाईंना?"

"चिठ्ठी कोन वाचते पंगतीत?"

बाहेर सडकेवर जीपवाला ओरडू लागला, "चाला, चाला, दोन सीट!" वस्तीच्या फाट्यापर्यंत जाणारी तीच शेवटची, मग बारापर्यंत काही नाही. वच्छलाबाई उठली. दारापर्यंत गेली. परत आली, चौकटीवरचा गार चहा एका घोटात प्यायली, कप मोरीत विसळून पालथा ठेवला. पुन्हा दारापर्यंत गेली.

"बाई, इहीनबाईले लोकायचं भेव हाय," ती दारातून म्हणाली. "पाव्हन्यायच्या पंगतीत पोट्टीच्या बाजूची जागा खाली राहीन, कोनी बसनार नाई, हसतीन, याचंच. दुसरं कायी नाई. आन् त्या घरात तुमचा मान लय हाय. डाक्टरीनबाई कुठं बसली, काय जेवली, ते सालभर सांगतीन."

"मला आमंत्रण आहेच उद्याचं," मी म्हणाले. "रुपाबाई स्वतः येऊन गेल्या गुरुवारी. मी येणारच आहे."

"येनं येगळं."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. तिनं मान वळवून त्याला डाव्या हातानं 'थांब' म्हणून खूण केली. मग माझ्याकडे पाहिलं. खरवसाच्या पंगतीत ताट सरकवताना पाहिलं होतं तसंच, न रागावता. दोन वर्षं ती काही विसरली नव्हती, हे तेवढ्यानं मला कळलं, आणि माझ्या हातातली पक्कड मी उगाच घट्ट धरली.

"आता जातो आन् इहीनबाईले पह्यलेच सांगतो, डाक्टरीनबाईनं जागा सांगून ठेवली हाय, म्हून बिबा कायले. पन मी सांगीन आन् तुमी उद्या ऐन टायमाले उठसान, तं मंग माह्याच्यानं दुसऱ्यांदा नाई म्हनवनार नाई. म्हून इचारतो."

"विचारा ना, वच्छलाबाई."

"उद्या पंगतीत हेमलीच्या डाव्या अंगाले तुमी बसा. कोपर लागन, वरन सांडन. उठू नोका."